सुयश ग्रँड मास्टर होतो

पांढरा झगा अंगावर आला, त्यावरचा काळा क्रूस छातीवर नीट बसला, आणि सुयशला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. आजपासून तो ग्रँड मास्टर. मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा म्होरक्या.

खरा नव्हे हो, खेळातला. मँचेस्टरबाहेरच्या कुरणावर ही इतिहासवेडी मंडळी दर उन्हाळ्यात चिलखतं चढवून जुन्या लढाया खेळायची आणि लोक तिकीट काढून, बर्गर खात बघायचे. म्होरक्या मतं घेऊन निवडायचा, ही त्या जुन्या संघाचीच रीत. यंदा मतं पडली सुयशला. बातमी ऐकून त्याची बायको मधुमती म्हणाली होती, "आयुष्यभर मॅनेजरपुढे मान डोलावलीस. आता तुझ्यापुढे डोलावतील. बरंय बाबा."

तंबूत दोन नवे उभे होते. एक अनुप, नागपूरहून नुकताच आलेला, सुयशच्याच ऑफिसातला. सुयशनंच त्याला नादी लावलं होतं. दुसरा कॉलिन, शाळेत खेळ शिकवणारा. कॉलिनच्या अंगावर पांढरा झगा आधीच चढला होता.

मावळता ग्रँड मास्टर ग्रॅहम मेंढीचं कातडं घेऊन आला. ते प्रशियातल्या मूर्तिपूजक सरदाराचं. खेळाच्या शेवटी सरदार हरतो, गुडघे टेकतो, ग्रँड मास्टर त्याच्या डोक्यावर तलवार धरतो आणि पाद्री पाणी ओततो. झाला बाटवून. टाळ्या.

"हे अनुपला दे," ग्रॅहम म्हणाला. तसा प्रेमळ माणूस. मधुमती हॉस्पिटलात होती तेव्हा रोज सूप आणून द्यायचा. "नवा माणूस इथूनच सुरुवात करतो. तुला माहीतच आहे."

माहीत होतंच. इतकी वर्षं ते कातडं सुयशच्याच अंगावर होतं. उन्हात त्याला असा वास सुटायचा की घरी येऊन आंघोळ केली तरी मधुमती नाकाला पदर नसताना पदर लावायची. सुयशनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आपलाही नंबर लागेल, म्हणायचा. आणि लागला की!

अनुपनं कातड्याकडे पाहिलं, मग कॉलिनकडे. आवाज खाली आणून मराठीत विचारलं, "दादा, हा पण नवाच ना?"

"हो."

"मग याला काऊन नाही?"

साधा प्रश्न. इतक्या वर्षांत सुयशच्या डोक्यात आला नव्हता, आणि आता आला तर हलेना. ग्रॅहमनं कधी घातलं होतं हे कातडं? सुयशच्या आधी ते तारिककडे होतं, ओल्डहॅमच्या. तारिकच्या आधी कुणीतरी जमैकाचा बसड्रायव्हर, असं ऐकलेलं. अरे, मग हा नंबर लागत होता कुणाचा?

मंडळीत म्होरक्याचा शब्द शेवटचा. सुयशनं नुसतं बोट कॉलिनकडे करायचं होतं. बस्स. ग्रॅहम जरासा खोकला असता. चहाच्या वेळी कुणीतरी हळूच म्हणालं असतं, यांना गंमत कळत नाही. आणि पुढच्या वर्षी मतं पडली असती दुसऱ्या कुणाला.

बाहेर कर्णे वाजले.

"सगळेच इथून सुरुवात करतात रे," सुयश म्हणाला. "मी नाही का केली?"

त्यानं स्वतःच्या हातांनी कातडं अनुपच्या खांद्यांवर चढवलं आणि गळ्याशी बांधलं. गाठ पहिल्या झटक्यात बसली. हाताला सवय होती.

मैदानावर ऊन पडलं होतं. दोरीपलीकडे मधुमती फोन उंच धरून उभी होती. अनुप ठरल्याप्रमाणे हरला, पडला, उठून गुडघ्यांवर आला. सुयशनं तलवार वर धरली. लोक गप्प झाले. पाद्री पाण्याचं भांडं घेऊन पुढे सरकला.

तेवढ्यात खालून, त्या कातड्याच्या आतून, अनुपचा आवाज आला. मराठीत, म्हणजे फक्त सुयशसाठी.

"एवढं पुरे का दादा, की अजून वाकू?"