चार बोटं गवत

"चार बोटं ठेव," फोनवर डच म्हणाला.

वांडाने रिसीव्हर या कानावरून त्या कानाला घेतला. "चार?"

"चार. आणि कुणाशी बोलू नकोस." फ्लोरिडातल्या सरावाच्या तळावरून गावच्या बेसबॉल संघाच्या या मॅनेजरने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढचं सांगायची गरज नव्हती. चार बोटं म्हणजे लाइल यंदाही संघात होता. वांडाला बरं वाटलं. मग मैदानाकडे बघताना तेवढं बरं वाटेना.

अकरा वर्षं मैदानाचं गवत तिच्याकडे होतं. नवरा जोसेफ गेला तेव्हा क्लबने तिला म्हटलं होतं, हंगाम संपेपर्यंत सांभाळा. हंगाम संपला, पण पुढे कुणी काही बोललंच नाही. गवत बोटांनी मोजायची रीत जोसेफची. पंजा आडवा जमिनीवर टेकवायचा आणि पाती कितव्या बोटाला येतात ते बघायचं. गवत वाढलेलं असलं की जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू अडखळतो, आणि अडवणाऱ्याला दोन पावलं जास्तीची मिळतात. लाइल टर्नक्विस्टला ती लागत होती. चौदा वर्षं तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखत आला होता. आता सदतीस वर्षांचा होता, आणि त्याचे गुडघे त्याच्याहून म्हातारे झाले होते. डचनेच त्याला या गावात आणलं होतं. आता थांब, असं त्याला तोंडावर सांगणं काही डचला जमत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गवत दीड बोटं होतं आणि आठ संघांत आपला दुसरा आला. मग डचने दोन सांगितली, संघ पाचवा. गेल्या साली तीन, सातवा.

गावाने यातून एवढाच अर्थ काढला की वांडा थकली. गसच्या हॉटेलात ती कॉफीला गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वांडा, यंदा मैदानात गाई सोडायच्या का?" ती हसून साखर ढवळायची. गस मात्र काउंटर पुसता पुसता सगळ्या गावाचा प्रश्न विचारायचा, यंदा आपलं कसं? पेपरात छापून आलं होतं की संघाने तीन नवी पोरं घेतली आहेत, तिघांचेही फटके जमिनीला चाटून सुसाट जातात, तेव्हा यंदा आशा आहे. वांडाने तो पेपर घडी घालून ठेवून दिला. असले फटके चार बोटं गवतात शिरले की त्यांचं काय होतं, हे तिला गसला सांगता येत नव्हतं.

संघ मंगळवारी परतला. बुधवारी सकाळी लाइल एकटाच मैदानावर आला. हेही दर वर्षीचंच. पहिल्या सकाळी वांडा त्याला दहा चेंडू मारायची, जमिनीलगत, आणि त्यावरून तो ठरवायचा, अजून एक वर्ष खेळायचं की नाही. यंदा त्याच्या खिशात एक पत्र होतं. बायकोच्या गावच्या शाळेने त्याला मुलांना खेळ शिकवायला बोलावलं होतं. रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

वांडाने जोसेफची बॅट घेतली. पहिला चेंडू लाइलने उजवीकडे झेपावून उचलला, दुसरा डावीकडे. नऊ झाले. नऊच्या नऊ त्याच्या हातमोज्यात आले.

"शाळेला नाही म्हणून कळवतो," तो धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "पायांत अजून जीव आहे." मग त्याने वाकून गवतातून हात फिरवला. "वांडाबाई, राग मानू नका. लोक काय बोलतात ते मीही ऐकतो. ते यंत्र तुम्हाला आता झेपत नाही. यंदापासून गवत मी कापून देत जाईन. पहाटे येईन, कुणाला कळणारही नाही."

वांडाने बॅट जमिनीला टेकवली. आभार मानून विषय संपवता आला असता. शाळेला नकार गेला असता, आणि डच खूश झाला असता.

"झेपतं रे मला," ती म्हणाली. "डच सांगतो तेवढं ठेवते."

लाइलचा हात होता तिथेच थांबला. मग त्याने पंजा आडवा टेकवला. चारही बोटं बुडाली.

"कधीपासून?"

"हे तिसरं वर्ष."

तो तिथेच उकिडवा बसला. त्या नव्या पोरांचे फटके यात अडतील का, असं त्याने विचारलं. अडतील, वांडा म्हणाली. मग तो उठला, शेडमध्ये गेला आणि यंत्र ओढत घेऊन आला. तिने त्याला अडवलं नाही. तो एका कडेपासून सरळ रेषांत कापत गेला, आणि ती मागून दाताळ्याने गवत गोळा करत राहिली. सगळ्या मैदानाला ओल्या गवताचा वास सुटला. शेवटी वांडाने पंजा टेकवून पाहिला. दीड.

लाइल पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"एक राहिलाय," तो म्हणाला.

तिने आधीच्या नऊसारखाच मारला, तेवढ्याच जोराने. तो सगळं अंग झोकून झेपावला. हातमोज्यापासून हातभर अंतरावरून चेंडू सळ्ळकन निघून गेला आणि पार मागच्या कुंपणाला जाऊन लागला.

लाइल गुडघ्यांवर बसूनच मागे वळला आणि चेंडू कुठवर गेला ते त्याने पाहिलं.

"बघितलंत कसा गेला?" पँटला चिकटलेलं गवत झटकत, खिशातलं शाळेचं पत्र चाचपत तो म्हणाला. "गसला सांगा, यंदा आपण वर येतोय."