निळं छप्पर

सगळ्यांना आधी आपापलं छप्पर बघायचं होतं. मशिदीच्या अंगणात चार टेबलं जोडून ड्रोनने वरून फोटो काढून केलेला वस्तीचा नकाशा अंथरला होता, आणि एरवी एकमेकांशी भांडल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही अशी माणसंही त्याच्यावर खांद्याला खांदा लावून वाकली होती. बी सिकुझानीला वरून दिसणारी वस्ती फार आवडली.

"अगं बाई, आपण राहतो की वाळत घातलंय आपल्याला? मासे बरे!"

तिचं घर तिला पत्र्यावर ठेवलेल्या जुन्या टायरवरून सापडलं. घरासमोरच्या गल्लीत एक तांबडी रेघ होती. तो होऊ घातलेला रस्ता. दार-एस-सलामच्या या दाटीत आगीचा बंब आत यायचा तर रस्ता हवाच, त्यावर दुमत नव्हतं. पण ती रेघ सरळ येता येता एका मोठ्या निळ्या छपराशी अडत होती, आणि वळसा घालून समोरच्या म्बवानाच्या घरातून आरपार जात होती.

"असं घर माझ्या दारात नाहीच!" म्बवाना पुन्हा ओरडला.

"बाबा, हा वरून काढलेला फोटो आहे. त्याचं तुमच्याशी काय वैर?" नगररचना खात्यातून आलेली मुलगी उपेंडो म्हणाली.

"मग राहतं कोण त्यात? भुतं?"

लोक हसले. बी सिकुझानीला मात्र चैन पडेना. एवढं मोठं घर, आपल्या ओट्यासमोर, आणि आपल्याला पत्ता नाही? तिने चष्मा पुसला आणि नाक कागदाला टेकवलं. निळ्या छपराच्या कडेने पांढरे ठिपके होते. भिंतीशी तीन काळे गोल, त्यांच्यावर धूर.

टोप्या होत्या त्या. सावलीत न मावल्यामुळे उन्हात बसलेल्या माणसांच्या. आणि ते गोल म्हणजे पुलावाचे हंडे.

तो तिच्या नवऱ्याच्या, सेलेमानीच्या मयताचा दिवस होता. गल्लीवर आडवा मंडप घातला होता. दुआ चालली असताना डोक्यावर काहीतरी भुंग्यासारखं फिरत होतं, आणि पोरं वर बोटं दाखवत होती.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? मंडप म्हटलं की रेघ सरळ होणार, आणि गल्ली रुंद करताना पहिला जाणार तिचा ओटा. सेलेमानीने आपल्या हातांनी बांधलेला. त्यावर बसून ती रोज सकाळी तांदळाचे गोड वडे तळून विकायची, त्यावरच तिचं पोट होतं. आणि म्बवाना तरी कुठला जिवलग? मंडपाच्या दोऱ्या आपल्या खांबाला बांधल्या म्हणून त्याने भर मयतात कटकट केली होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो नकाशातल्या आपल्या छपरावर तळहात ठेवून उभा होता.

"मुली, ते घर नव्हे," ती म्हणाली. "मंडप आहे. माझ्या नवऱ्याच्या मयताचा."

उपेंडो पुन्हा पुन्हा फोटो बघत राहिली.

"मग रस्ता सरळ जाईल, आजी. पण तुमचा ओटा..."

"जाईल. कळतंय मला." तिची एक शंका मात्र सुटेना. "एवढंच सांग. रस्त्यावर गाड्या येणार. मग मी मेले की मंडप कुठे घालायचा? त्याची जागा कुठे दाखवलीय?"

उपेंडोचं बोट नकाशावर फिरलं. गटारं होती, दिव्याचे खांब होते, शाळा होती. बोट फिरतच राहिलं.

"माझ्या अंगणात," म्बवाना खाकरून म्हणाला. "दोऱ्या त्याच खांबाला बांधू."

"आणि कटकट, भावजी?"

"ती करणारच. पण तेव्हा तुम्ही कुठे ऐकायला असणार, वहिनी?"

बी सिकुझानी उपेंडोकडे वळली.

"काढ गं ते नकाशावर. याचा भरवसा नाही."