पसंतीचं स्थळ

थोरल्या जावयानं लेकीचे पुढचे दात पाडले, तेव्हा मेकॅनिकनं त्याला भर गॅरेजमध्ये आडवा पाडून चाकाच्या पान्यानं त्याची दोन्ही मनगटं ठेचली होती. त्यापायी तुरुंगाची हवा खाल्ली, पण पस्तावला कधी नाही.

आज परदेशातून धाकटीचा फोन आला. "बाबा, हे मला..." पुढचे शब्द थपडेच्या आवाजात गेले. मग काहीतरी फुटलं आणि तिची किंकाळी ऐकू आली.

"मनगटं मोडून हातात देईन, हरामखोरा!" मेकॅनिक पाना उचलून गरजला.

"या ना, सासरेबुवा," पलीकडून धाकटा जावई धापा टाकत हसला. "व्हिसा मिळाला का?"

पाना हातातच राहिला. धाकटीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून अर्ज केला, तेव्हाच त्या देशानं सांगून टाकलं होतं, शिक्षा झालेल्या माणसाला इथे प्रवेश नाही.

किंकाळ्या थांबेनात, तसा त्याला लग्न ठरलं तो दिवस आठवला.

 

बाप तुरुंगात जाऊन आलाय म्हटल्यावर बाकी सगळी स्थळं पळाली होती. परदेशातला हा मुलगा तेवढा, ते ऐकूनच, जागच्या जागी हो म्हणाला होता.