पालकसभा

मीटिंगचा पत्ता लेकीनंच पाठवला होता. तिची जुनी शाळा, दुसरा मजला, सातवी 'ब'.

दारू सोडायला आलेल्या आम्हा लोकांसाठी शाळेचे शिपाईमामा वर्ग उघडत होते.

"नवीन दिसताय?"

"हो. माझी रेणू याच वर्गात होती. रेणू ढवळे."

मामांचा हात कडीवरच थांबला. "पण तिचे वडील तर वारले होते ना? दर पालकसभेला आई एकटीच यायची. पोरीनंच सांगितलं होतं सगळ्यांना."

मी आत गेलो. बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलो.

एकेक जण उठून सांगत होता, मी अमुक, मी दारुडा. माझी पाळी आली. बाकाला धरून उठलो, आज थेंबही घेतला नव्हता तरी.

"मी रेणूचा बाबा," म्हणालो. "यायला उशीर झाला."