मेस शब्दाचं कूळ

"काकू, सच सांगतो," तिसऱ्या पोळीला हात घालत प्रणव म्हणाला, "मेसचं खाऊन खाऊन जीव विटलाय."

पद्मिनीबाईंनी वरणाची पळी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी असतं, तर लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या हवाईतळावरून रविवारी जेवायला येणारा हा पोरगा आता त्यांच्या तावडीत पुरता सापडला असता. रमाकांतराव बँकेतून रिटायर झालेले, पण खरा धंदा इंग्रजी शब्दांची कुळं काढण्याचा. 'मेस' तर त्यांचा लाडका. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाठवलेलं', म्हणजे स्वयंपाकघरातून पानावर आलेला पदार्थ. पुढे तो एकत्र जेवणाऱ्यांची पंगत झाला, मग जनावरांपुढचं आंबोण, आणि शेवटी नुसता घोळ. विकास नगरातल्या एसटीडी बूथवाल्यानेसुद्धा ही कहाणी ऐकली होती. पद्मिनीबाईंना तर ती आरतीसारखी पाठ होती.

आज रमाकांतराव ताटाकडे बघत गप्प जेवत होते. मेंदूच्या झटक्यातून हातपाय वाचले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले होते, "बुलवाइए इनसे. अभी नहीं बोले तो मुश्किल होगी." पद्मिनीबाईंनी 'पाणी म्हणा', 'चहा म्हणा' करत जंग जंग पछाडलं. ते भिंतीकडे तोंड फिरवत. जन्मभर शब्दांच्या जिवावर मिरवलेल्या माणसाला पुन्हा बालवाडीत बसायची लाज वाटत होती.

"मेस हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे का रे?" त्यांनी प्रणवला विचारलं.

"नाही, काकू."

"अरे, इथलाच तो. लखनौचा. इंग्रज शिपाई आले, आपल्या लोकांच्या मेजावर जेवायला बसले. मेल्यांना मेज म्हणता येईना. मेजचं झालं मेस."

रमाकांतरावांचा घास हातातच राहिला.

"अच्छा, मस्त आहे हे," प्रणव म्हणाला. "उद्या सगळ्यांना सांगतो."

"सांग की. काकांनीच शोधून काढलंय, असं सांग."

टेबलावर मूठ आपटली. वाटीतलं ताक सांडलं. रमाकांतरावांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ओठ थरथरत होते.

"ल..." ते म्हणाले. "लॅ... लॅटिन."

प्रणव तोंडातला घास चावायचा विसरला. पद्मिनीबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज त्यांनी भांडणाचाच ठेवला.

"म्हणे लॅटिन. उगाच काहीतरी सांगू नका. अर्थ काय त्याचा, सांगा बघू."