बाळ झोपलंय

आजोबांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. बाहेर हॉस्पिटलमधल्या सिस्टर उभ्या होत्या, घामाघूम, दार पुन्हा ठोकायला उचललेला हात तसाच वर.

"हळू," आजोबा कुजबुजले. "बाळ झोपलंय."

"किती वेळ बेल दाबतेय मी. बंद आहे का?"

"बंद नाही. बंद केलीये." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. चाळीस वर्षं कारखान्याच्या खडखडाटात फिटर म्हणून काढलेल्या या गृहस्थांनी नातीसाठी घराचा आवाजच काढून घेतला होता. बेलच्या वाटीत चिंधी कोंबलेली, बिजागऱ्यांना तेल, घरातले सगळे फोन मुके करून कपाटाच्या खणात. खुर्ची सरकवली म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंना दोन शब्द सुनावूनही आले होते. आणि नातही अशी गुणाची, की अकरा दिवसांत तिने एकदाही घर डोक्यावर घेतलं नव्हतं. आजोबा तिला कौतुकाने मौनीबाई म्हणायचे.

"कालपासून फोन करतोय आम्ही. फॉर्मवर तुमचाच नंबर आहे."

आजोबांनी खण उघडला. नऊ मिस्ड कॉल.

तोवर सिस्टर आतल्या खोलीत पोचल्याही होत्या. सून बाळाशेजारी बसली होती.

"जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं ना, त्याचा रिपोर्ट आलाय. बाळाची थायरॉईडची ग्रंथी हवं तेवढं काम करत नाहीये. आत्ताच्या आत्ता निघायचं. पुन्हा रक्त घेऊन खात्री करू, पण गोळी आजच सुरू."

"एवढ्याशा जिवाला गोळी?" सुनेने विचारलं.

"चुरून, चमचाभर तुमच्याच दुधात. रोज, न चुकता. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर मेंदूची वाढ मागे पडते. ती मग भरून निघत नाही."

सून बोटांवर दिवस मोजायला लागली. ते बघून आजोबांनीही मनातल्या मनात मोजले. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"अहो, तिला काही त्रासच नाही," ते म्हणाले, अजूनही कुजबुजतच. "झोपलेल्या बाळाला कशाला उठवायचं? संध्याकाळी तिचा बाबा येईल, मग जाऊ."

सिस्टर पलंगापासून बाजूला झाल्या. "उठवून दाखवा, आजोबा."

आजोबा हसले. वाकून त्यांनी नातीच्या गालाला बोट लावलं. मग तळपायावर टिचकी मारली. मग जरा जोरात मारली. इतक्या उकाड्यात पाय गार लागत होता. मौनीबाईंनी कपाळाला बारीकशी आठी घातली आणि पुन्हा झोपून गेल्या.

"दूध पितानाही अशीच झोपते," सून म्हणाली. तिने मान वर केली नाही. "मी म्हटलं होतं तुम्हाला, बाबा. तुम्ही म्हणालात, गुणाची आहे."

कारखान्यात एखादं मशीन अचानक गप्प झालं की आजोबा हातातला चहा टाकून धावायचे. गप्प मशीनला कुणी गुणाचं म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी तिथेच वेड्यात काढलं असतं.

"गाडी खाली उभी आहे," सिस्टर म्हणाल्या. सून घाईघाईने पिशवीत दुपटी कोंबू लागली.

आजोबा स्टूल घेऊन दाराशी गेले. वर चढून त्यांनी बेलच्या वाटीतली चिंधी उपसून काढली, खाली उतरले, उंबऱ्याबाहेर गेले आणि बटण दाबलं. बेल घरभर खणखणली. सून दचकली, सिस्टर दचकल्या. बाळाची एक पापणी तेवढी हलली. आजोबांनी बटण आणखी दाबून धरलं.

वरच्या काकू जिन्याच्या कठड्यावरून वाकल्या. "अहो, काय करताय? बाळ उठेल ना."

आजोबांनी बटणावरचा अंगठा काढला नाही.