दांडी लागंना

सोलापूरच्या गड्डा यात्रेत सई दोन मैत्रिणींबरोबर मोठ्या पाळण्यात बसायला गेली. तिची आई प्रभा खाली कठड्याला टेकून कौतुकानं बघत होती. मैत्रिणी पुढच्या खुर्चीत बसल्या, सई मागच्या. पाळणेवाल्यानं तिच्यासमोरची लोखंडी दांडी ओढली, पण ती पोटाला अडली. त्यानं परत जोर लावला. सईनं श्वास रोखून पोट आत घेतलं, तरी खटका बसेना.

"बसतंय की दादा, अजून थोडं दाबा," ती हळूच म्हणाली.

"लागंना गं बाळ. असं वर सोडता येत न्हाय." मग तो प्रभाकडं वळला. "मावशी, पोरीला उतरवून घ्या की."

रांगेत कुणीतरी हसलं. सई उतरली. पाळणा वर गेला, मैत्रिणींनी तिथून हाका मारल्या, तेव्हा तिनं हसून हातही हलवला. आणि मग आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती हुंदके द्यायला लागली.

"रडू नको गं राणी, चल," म्हणत प्रभानं तिला गर्दीतून बाहेर काढलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत ती नुसती चालत राहिली. थांबली तेव्हा दोघी भज्यांच्या गाड्यासमोर उभ्या होत्या आणि प्रभाच्या तोंडून "एक प्लेट द्या" निघूनही गेलं होतं. सई एवढीशी होती तेव्हापासून तिचं रडणं थांबवायचा हा एकच उपाय तिला माहीत होता. आज दुसरा शोधायला गेली, तर काही सुचेचना.